आणखी दोन मिनिटं

आपल्या गल्लीत, रिक्षा स्टँडपाशी किंवा दूध केंद्राच्या पायरीवर एखादं वाघ्या रंगाचं कुत्रं हमखास असतं. लांबून त्याचा रंग धड सांगता येत नाही. काळपट? तपकिरी? की नुसतंच मळलेलं? आपण मनाशी ‘असंच काहीतरी’ म्हणतो आणि पुढे जातो. पण तेच कुत्रं कोवळ्या उन्हात पाय ताणून आडवं पडलेलं असेल, तेव्हा जरा जवळून पाहा. तांबूस पिवळ्या अंगावर बारीक काळे पट्टे दिसू लागतात. पॉलिश केलेल्या शिसवी लाकडात रेषा असतात ना, तसे. पाठीवर दाट, बरगड्यांवर विरळ, मांडीवर मध्येच तुटलेले. जाणकार याला ब्रिंडल म्हणतात. आपल्याकडे अशा पिल्लाचं नाव ‘वाघ्या’ ठेवायला कुणाला पंचांग बघावं लागत नाही. त्याच्या अंगावर कुठे काळा रंग तयार होतो, कुठे पिवळसर. हे जन्माआधीच ठरतं. गंमत म्हणजे डाव्या कुशीवरची नक्षी उजव्या कुशीवर तशीच उतरत नाही. एकाच कुत्र्याच्या दोन बाजू वेगळ्या, मग दुसऱ्या कुत्र्याची गोष्टच सोडा.

असा रंग फोटोत मात्र हमखास मार खातो. कुत्र्यांच्या शेल्टरच्या अर्धवट उजेडात, जाळीच्या मागे, मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात पट्टे विरघळून जातात आणि उरतो एक काळपट ठिपका, त्याला दोन चमकणारे डोळे. कुत्रं दत्तक घ्यायला आलेल्या घरातली मुलं आधी पिल्लांकडे धावतात. ते साहजिकच आहे. मोठी माणसं ‘लॅब आहे का एखादा?’ असं विचारतात. तीन-चार वर्षांचं, पट्टेरी, एक कान खाच पाडलेला, असं देशी कुत्रं मागच्या पिंजऱ्यात राहून जातं. कानाची ती खाच म्हणजे खरं तर त्याचं प्रगतिपुस्तक. नसबंदी झालेली आहे, याची ती खूण. 2019च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून जास्त भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली फार थोडी शेल्टरपर्यंत पोचतात. गाडीखाली पाय सापडलेली, खरजेनं केस गेलेली, किंवा हौसेनं आणून नंतर सोडून दिलेली. पाय बरा होतो. केसही परत येतात. पण पाहुणे आले की पिंजऱ्यात एकच गलका उठतो, आणि त्या गलक्यात कुठलंच कुत्रं आपल्या खऱ्या स्वभावात नसतं. एखादं जाळीवर उड्या मारतं, एखादं कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं. आपण मात्र तेवढ्यावरून ठरवतो: हे दांडगं, ते भित्रं.

म्हणून तिथली अनुभवी माणसं सांगतात, ‘आणखी दोन मिनिटं बसा त्याच्यापाशी.’ बसायचीही एक रीत असते. कुत्र्यासमोर उभं राहून त्याच्या डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. ती त्याला दटावणी वाटते. वरून डोक्यावर हात न्यायचा नाही. तिरकं बसायचं, हात खाली मोकळा ठेवायचा, आणि त्याला हुंगू द्यायचं. गप्प बसलं तरी चालतं. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. मग नाक जवळ येतं, ओलं आणि गार. शेपटी अजून पायातच असते, पण तिचं टोक हलतं. घरी आणल्यावरही असंच. काही कुत्री पहिले दोन-तीन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाहीत, वाटीतलं रात्री सगळे झोपल्यावर खातात. घर आपलं आहे हे पटायला कित्येकांना तीन-तीन महिने लागतात. या काळात ‘याला आपलं काहीच कसं वाटत नाही’ म्हणून हिरमुसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचंही चुकत नाही, घाई सगळ्यांनाच असते. रोज डोळ्यांसमोर असलेलंही आपण नीट पाहत नाही. दत्ताची तसबीर घरोघरी असते. पायाशी चार कुत्री असतात, आपण रोज हात जोडतो. त्यांचे रंग कोणते, हे न बघता सांगा बरं.

ही दोन मिनिटं थांबण्याची सवय कुत्र्यांपुरती ठेवायची गरज नाही. ऑफिसात नवीन आलेला मुलगा जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो. आपण ‘आखडू दिसतोय’ म्हणून मोकळे होतो. खरं तर त्यानं घर सोडून पहिल्यांदाच शहरात पाऊल ठेवलेलं असतं, आणि डब्यात काय आणलंय हे कुणी बघू नये असं त्याला वाटत असतं. तिथंही टक लावून पाहायचं नसतं. आपला डबा उघडून शेजारी बसायचं असतं. लोणचं पुढे केलं की बाकीचं आपोआप होतं.

आणि खरोखर कुत्रं आणायचा विचार असेल, तर ही दोन मिनिटं स्वतःसाठीही काढावीत. निव्वळ कीव येऊन आणलेलं कुत्रं पहिल्या पावसाळ्यात जड होतं. दहा-बारा वर्षांची सोबत आहे ही. सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? दिवाळीत गावी गेल्यावर ठेवायचं कुठे? घरमालकाला चालेल का? दरवर्षीचं रेबीजचं इंजेक्शन आणि महापालिकेचा परवाना लक्षात राहील ना? उत्तर ‘नाही’ आलं तरी वाईट वाटून घेऊ नका. बऱ्याच शेल्टरना रविवारी कुत्री फिरवायला माणसं हवी असतात. ऑपरेशन झालेलं एखादं कुत्रं काही आठवडे घरी सांभाळणारं घर मिळालं, तर त्यांना आनंदच होतो. आधी फोन करून विचारा, आणि जाताना घरातली जुनी वर्तमानपत्रं, फाटक्या चादरी, रिकामी पोती घेऊन जा. पावसाळ्यात पिंजऱ्यात अंथरायला कोरडं काही मिळणं फार कठीण जातं.