पिठल्यातला लसूण

आषाढी वारीत तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या यवतला मुक्कामी येते, तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. पिठलं म्हटलं की फोडणीत लसूण-मिरची आलीच; गरम भाकरीवर ते पडलं की वास पंगतभर फिरतो. देवाच्या वाटेवर जिभेचे हे लाड चालतात का? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांदा निषिद्ध आहे, तोही द्विजांना. गीतेचा सतरावा अध्याय फार तिखट आहार राजस आणि दुर्गंधीयुक्त अन्न तामस ठरवतो, पण तिथे कांद्या-लसणाचं नाव नाही. आणि दुर्गंध ठरवायचा कोणी? ड्युरियन फळ खाणारे मिटक्या मारतात, सिंगापूरच्या मेट्रोत मात्र त्याला बंदी!

कोणी म्हणेल, मग चातुर्मासात कांदा-लसूण का सोडतात? पण सोडण्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी होते, घरोघरी खेकडा भजी तळली जातात. ज्याची किळस येते त्याला असा निरोप कोणी देत नाही. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचं तर कांदा हे घरचं पीक. आवडतं ते चार महिने बाजूला ठेवलं तर संयम. नावडतं सोडण्यात कसलं आलंय व्रत? भक्तीला चवीचा अडसर होतो असं मला वाटत नाही. अडसर होतो तो शेजारच्या पानाकडे नाक मुरडण्याचा.