हरकत कुणाची?

‘सदाशिव पेठ. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. थेट मालकाकडून. एजंटांनी फोन करू नयेत.’ अशा जाहिराती पुण्यातल्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येत आहेत. पहिल्या दिवशी येणारे बहुतेक फोन एजंटांचेच असतात, ते सोडून देऊ. जाहिरात देणारे आजी-आजोबा हिशेबाला पक्के असतात. मुलगा परदेशात, गुडघे जिन्याला कंटाळलेले, आणि आयुष्यभराची एकमेव मोठी मालमत्ता विकताना दोन टक्के दलाली कशाला द्यायची, हा त्यांचा रास्त प्रश्न. घर आपलं, किंमत आपण सांगू, ज्याला पटेल तो घेईल. पहिला ग्राहक पक्का होईपर्यंत हा समज टिकतो. मग ग्राहकाची बँक सोसायटीचं ना हरकत पत्र मागते, आणि आजोबा सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभे राहतात.

खरेदीखतात दोनच पक्ष असतात, लिहून देणार आणि लिहून घेणार. वस्तीतलं घर विकताना मात्र तिसरा कुणीतरी नेहमी मध्ये असतो, कारण भिंती आपल्या असल्या तरी पायाखालची जमीन क्वचितच एकट्याची असते. वाड्यात हा तिसरा म्हणजे वाड्याचा मालक. पूरग्रस्तांच्या वसाहतीत तो सरकार होता. आज बहुतेकांसाठी तो सोसायटीची कमिटी आहे. या तिघांत सगळ्यात बदनाम मालक. माझ्या मते ही बदनामी थोडी पुन्हा तपासायला हवी.

मुंबई भाडेनियंत्रण कायदा 1947 चा. त्यानं प्रमाणभाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. हंगामी म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक जगला. बाहेर सोनं, धान्य, पगार सगळं वाढत गेलं. वाड्यातल्या मागच्या दोन खोल्यांचं भाडं दोन आकडी राहिलं. बाजारात जे भाडं आलं असतं ते आणि पावतीवर जे होतं ते, यांतली तफावत दरवर्षी रुंदावत गेली, आणि त्या तफावतीलाच किंमत आली. तीच पागडी. भाडेकरू खोली विकत नव्हता, कारण ती त्याची नव्हतीच. कायमच्या स्वस्त भाड्यात राहण्याची सोय तो विकत होता. मालक ‘पावती नावावर करून’ देई आणि त्याबद्दल वाटा घेई. मुंबईत हा वाटा ढोबळमानानं एक तृतीयांशाच्या आसपास असल्याचं सांगतात. पुण्यात पागडी गिरगावाइतकी सर्रास नव्हती. इथला भाडेकरू विकण्यापेक्षा बिल्डरची वाट पाहत बसला आणि पुष्कळदा त्याचं बसणं फळालाही आलं.

गंमत अशी की असे पैसे घेणं त्या कायद्याखाली गुन्हा होता. त्यामुळे व्यवहार रोखीत, पावती कोऱ्या चेहऱ्यानं. भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1997 मध्ये सुनावलं. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यानं भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि 56व्या कलमानं पागडीला राजरोस मान्यता दिली. आदल्या दिवशी जो गुन्हा होता तो दुसऱ्या दिवशी हक्क झाला. काळ्या बाजाराला कायद्यानं एवढ्या सहजपणे आत घेतल्याची दुसरी उदाहरणं आपल्याकडे फार नसावीत.

याचं उलटं टोक पाहायचं तर आता अमेरिकेकडे पाहू. तिकडच्या मराठी कुटुंबांना भेटायला गेलेल्यांनी महामार्गालगत लांबट, पत्र्याच्या डब्यांसारख्या घरांच्या वसाहती पाहिल्या असतील. ही घरं कारखान्यात बनतात आणि चाकांवर ठेवून जागेवर आणतात. 1976 पासून त्यांच्या बांधणीला केंद्र सरकारची स्वतंत्र मानकं लागू आहेत. घर राहणाऱ्याच्या मालकीचं असतं आणि जमिनीचा तुकडा वसाहतीच्या मालकाकडून महिन्याच्या भाड्यानं घेतलेला. नावापुरती चाकं असली तरी एकदा बसवलेलं घर सहसा हलत नाही. हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुनं घर दुसरीकडे कुणी उभंही करू देत नाही. त्यामुळे विकायचं तर जिथं आहे तिथंच विकावं लागतं आणि नव्या माणसाला वसाहतीच्या मालकानं पसंत करावं लागतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पसंतीचा हा अधिकार मालकाला कायद्यानंच दिला आहे. त्याला मर्यादाही घातल्या आहेत, पण अधिकार आहे.

तिथं जमिनीचं भाडं वाढलं की घराची किंमत पडते. महिन्याला दोनशे डॉलर जास्त द्यावे लागणार असतील तर घेणारा तेवढे पैसे घराच्या किमतीतून कापून घेतो. म्हणजे भाडेवाढीचं ओझं पुढच्या रहिवाशाइतकंच विकून जाणाऱ्यावरही पडतं, आणि तेही एकरकमी. सदाशिव पेठेत भाडं गोठलं आणि भाडेकरूच्या हक्काला भाव आला. तिकडे भाडं मोकळं सुटलं आणि स्वतःच्या मालकीच्या घराचा भाव गेला. वस्तीतल्या घराची किंमत विटांपेक्षा जमीनमालकाशी असलेल्या करारात जास्त असते, हे या दोन टोकांइतकं स्वच्छ कुठं दिसत नाही.

इंग्लंडमध्ये अशाच वसाहतींच्या मालकांनी पुढची पायरी गाठली होती. 1983 च्या कायद्यानुसार घर विकलं गेलं की मालकाला जास्तीत जास्त दहा टक्के कमिशन मिळतं. शिवाय घेणाऱ्याला पसंत करण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता. काही मालक येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला नापसंत करीत. थकलेला म्हातारा शेवटी पडेल भावात घर मालकालाच विकी, आणि मालक त्या जागी नवं घर बसवून चढ्या भावानं विकी. हे इतकं बोकाळलं की 2013 च्या कायद्यानं नव्या करारांपुरता मालकाचा नकाराधिकार काढून घेतला. दहा टक्के कमिशन तसंच राहिलं. मला या सुधारणेतली समज आवडते. मालकाला पैसे घेऊ द्या, पण कुणाला आत येऊ द्यायचं हे त्याला ठरवू देऊ नका.

वाड्याचा मालक पैशानं वळत असे, म्हणून त्याची बदनामी तपासायला हवी असं मी म्हटलं. त्याला उदार ठरवायचा माझा हेतू नाही. सदाशिव पेठेतला वाडामालक ‘आपल्यातलाच’ भाडेकरू शोधत असे, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण पावतीला मोल आलं तसं आडनाव मागं पडत गेलं, कारण वाटा मिळाल्यावर नवा भाडेकरू दह्यात साखर घालतो की मीठ, याच्याशी मालकाला कर्तव्य उरलं नाही.

सरकार हा तिसरा गडी असतो तेव्हा तेही पैशानंच भागवतं. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले आणि पूरग्रस्तांना शहराच्या कडेला सरकारी जमिनी मिळाल्या. अशा जमिनीवरचं घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा. लोकांनी नावं ठेवली, चकरा मारल्या, काहींनी परवानगीविनाच मुखत्यारपत्रावर घरं फिरवली. 2019 च्या नियमांनी ठरावीक रक्कम भरून अशा जमिनी भोगवटादार वर्ग एक, म्हणजे परवानगीविना विकता येण्याजोग्या, करून घेण्याची वाट काढून दिली.

मालकही नको आणि सरकारही नको, तर राहणाऱ्यांनीच मिळून जमीन घ्यावी, हा विचार महाराष्ट्रात फार लवकर आला. 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. जमीन आणि इमारती संस्थेच्या, सभासद तिचे भागधारक आणि भाडेकरू, अशी ती रचना. अमेरिकेतल्या फिरत्या घरांच्या रहिवाशांना हे सुचायला 1984 उजाडावं लागलं. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका छोट्या वसाहतीनं त्या वर्षी जमीन एकत्र विकत घेतली आणि आज तशा शेकडो वसाहती आहेत. या बाबतीत आपण सत्तर वर्षं पुढे होतो. पण सारस्वत संस्था सारस्वतांची होती, हेही त्याच गोष्टीत आलं. मालकाच्या जाचातून सुटण्यासाठी माणसं एकत्र आली ती आपापल्या माणसांबरोबर. पुढे राज्यभर अनेक सोसायट्या एकाच जातीच्या, एकाच खात्यातल्या, एकाच गावच्या लोकांनी काढल्या. उभारणीच्या वेळी ही ओळख भांडवलासारखी उपयोगी पडली. पुढच्या पिढीला घर विकायची वेळ आली तेव्हा तीच आड आली.

आजोबा सेक्रेटरींच्या दारात उभे आहेत ते इथं. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात की सभासदानं पंधरा दिवस आधी संस्थेला हस्तांतराची सूचना द्यावी, सोबत घेणाऱ्याची संमती जोडावी. हस्तांतरासाठी संस्थेचं ना हरकत पत्र लागत नाही, असं 38व्या उपविधीत स्पष्ट लिहिलं आहे. कुणाला हवंच असेल तर कमिटीनं महिन्याभरात निर्णय द्यायचा. हस्तांतर शुल्क पाचशे रुपये, प्रवेश फी शंभर. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त 25 हजार, ही मर्यादा 9 ऑगस्ट 2001 च्या शासकीय परिपत्रकानं घातली. देणगी किंवा आणखी कुठल्या निधीच्या नावानं वर काही घेऊ नये, हेही त्यातच आहे. तरीही ‘ऐच्छिक देणगी’ चालू राहिली. 2018 मध्ये पुण्यातल्याच एका संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं अशी जादा रक्कम बेकायदा ठरवली. ज्याचं काम अडलंय त्याच्याकडून घेतलेल्या देणगीला ऐच्छिक म्हणायचा धीर कमिट्यांना कसा होतो, कोण जाणे.

पण पैसे ही यातली सोपी बाजू आहे. पैशाला आकडा असतो, आकड्याला मर्यादा घालता येते आणि मर्यादा मोडली तर सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे जाता येतं. अवघड बाजू लेखी कधीच येत नाही. सेक्रेटरी चहा देतात, गुडघ्यांची चौकशी करतात आणि सहज विचारतात, ‘पार्टी कोण आहे?’ आडनाव सांगितल्यावर थोडं थांबून, ‘काका, तसं आमचं काही नाही हो, पण वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई... खाण्यापिण्याचं जरा बघा ना.’ नकार कुणी देत नाही. अर्ज पुढच्या सभेपुढे जातो, पुढच्या सभेला गणसंख्या भरत नाही, तोवर ग्राहकाचं कर्जमंजुरीचं पत्र कालबाह्य होतं. ग्राहक निघून जातो. पुढचा ग्राहक आजोबा स्वतःच आडनाव पाहून निवडतात. कमिटीला काही करावंच लागत नाही.

या दिरंगाईवर कायद्यात उतारा आहे. सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचं मानलं जातं. पण सदाशिव पेठेत घर घ्यायला निघालेलं जोडपं निबंधकाच्या कार्यालयातून येऊन शेजार सुरू करायला राजी नसतं, आणि ते समजण्यासारखं आहे. न्यायालयही इथं नेहमी मदतीला येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये वैध ठरवला. एकत्र येण्याच्या स्वातंत्र्यात इतरांना बाहेर ठेवण्याचं स्वातंत्र्य आलं, असा त्याचा रोख. संख्येनं आक्रसत चाललेल्या समाजाची चिंता मी समजू शकतो. पण सदाशिव पेठेतल्या कुठल्याही सोसायटीनं तीच चिंता सांगावी, हे हास्यास्पद होईल. शिवाय इथल्या बहुतेक संस्थांच्या उपविधींत अशी अट नाहीच. ती फक्त चहाबरोबर येते.

शेजाऱ्यांना काहीच विचारायचा हक्क नाही, असं मी म्हणत नाही. आधीच्या मालकाची देखभालीची बाकी किती, न्हाणीघरातली गळती कोण दुरुस्त करणार, नवा माणूस स्वतः राहणार की भाड्यानं देणार, गाडी कुठं लावणार, हे प्रश्न रास्त आहेत. पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या इमारतीत तर फारच रास्त. 2019 च्या शासन निर्णयानुसार एकावन्न टक्के संमती पुरते, आणि बारा सभासदांच्या संस्थेत एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी सगळं उलटसुलट होतं. शेजाऱ्याला माहिती मिळायलाच हवी. पण माहिती मिळण्याचा हक्क आणि माणूस निवडण्याचा हक्क यांत इंग्लंडनं 2013 मध्ये आखलेली रेघ आपणही ओढायला हवी. सहकाराचा कायदा सबळ कारणाविना सभासदत्व नाकारू नका असं सांगतोच. ‘खाण्यापिण्याचं’ हे सबळ कारण नाही, एवढं कुठल्यातरी परिपत्रकात स्वच्छ शब्दांत यायला हवं.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या कमिटीवर असतील. पेठेत ते टाळणं कठीण आहे. त्यांना विनंती आहे. 2001 चं परिपत्रक आणि 38वा उपविधी यांची प्रत सोसायटीच्या फलकावर लावा, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी. विक्रीची सूचना घेऊन कुणी आलं की तिथल्या तिथं तारखेसह पोच द्या. बाकी असेल तर आकडा लिहून द्या. आणि ‘पार्टी कोण आहे?’ हा प्रश्न विचारूच नका. आज ना उद्या तुम्हालाही लिफ्ट लागेल, आणि तेव्हा तुमची जाहिरात वाचून येणाऱ्याचं आडनाव तुमच्या हातात असणार नाही.