सामाईक प्रार्थनेंतील ‘आम्ही’

ज्याची श्रद्धा डळमळीत झाली आहे त्यानें देवळाची पायरी चढावी काय, आणि चढून तेथील ठरीव शब्द इतरांबरोबर उच्चारले तर त्याला ढोंगी म्हणावें काय, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांना नवा नाहीं. आरतीला टाळ्या वाजविणारा पदवीधर मुलगा आणि त्याच्याकडे संशयानें पाहणारे वडील, किंवा याच्या उलट जोडी, वाचकांपैकीं पुष्कळांनीं घरांत पाहिली असेल. परंतु घरचा प्रश्न घरांत बसून सोडवूं गेलें म्हणजे रागलोभ आड येतात. म्हणून तोच प्रश्न दुसऱ्याच्या अंगणांत उभे राहून पाहावा असें आम्हांला वाटतें. इंग्लंडांतील अँग्लिकन पंथाची पॅरिश आणि तिचा हिवाळा हें तें अंगण होय.

हिवाळाच कां, असें कोणी विचारील. जून महिन्यांत कोणताही धर्म सुखावह असतो. खेड्यांतील चर्चच्या आवारांत गवत वाढलेलें असतें, रात्रीं नऊ वाजले तरी उजेड असतो, आणि उपासनेला गेलेला माणूस परततांना फेरफटकाही मारून येतो. डिसेंबरांत तेंच इंग्लंड निराळें होतें. लंडनमध्येंसुद्धां दिवस आठ तासांहून लहान होतो व चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. कित्येक चर्चांच्या भिंती सात-आठशें वर्षांच्या आहेत. त्या दगडांत शिरलेली थंडी दोन तासांच्या शेगडीनें निघत नाहीं, आणि शेगडीचा खर्च तर गांवच्या मंडळींना दर वर्षीं विवंचनेंत टाकतो. अशा संध्याकाळीं घरची ऊब सोडून जो त्या बांकावर येऊन बसतो त्याला तेथें काय मिळतें, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम पॅरिश म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. पॅरिश ही श्रद्धावंतांची सभा नव्हे. ती आधीं जमिनीवरची हद्द आहे, आणि यांतच तिचें वैशिष्ट्य आहे. प्रॉटेस्टंटांचे इतर अनेक पंथ ‘तुमची श्रद्धा काय?’ असें विचारून सभासद करून घेतात. पॅरिश ‘तुम्ही राहतां कोठें?’ एवढेंच विचारते. हद्दींत राहणारा मनुष्य दर रविवारीं येवो वा जन्मांत न येवो, तेथील चर्चमध्यें विवाह लावून घेण्याचा आणि आवारांत जागा उरली असल्यास तेथें पुरला जाण्याचा हक्क त्याला इंग्लंडचा कायदा सामान्यतः देतो. आमच्याकडे याला जवळची वस्तु ग्रामदैवत ही होय. भैरोबाच्या उत्सवांत साऱ्या गांवाचा वांटा असतो, मग एखाद्याची भक्ति विठोबावर असो अथवा कोणावरच नसो. तो वांटा सर्वांना सारखा मिळत आला नाहीं हें आम्ही जाणतों. पॅरिशमध्येंही तो सारखा नव्हता, आणि त्याकडे आम्ही पुढें येणारच आहों.

या हद्दींतल्या माणसांच्या तोंडीं जे शब्द आहेत ते एका पुस्तकांतले आहेत. आर्चबिशप क्रॅन्मर यानें सिद्ध केलेलें हें पुस्तक १५४९ सालीं निघालें, आणि फेरफार होत होत १६६२ सालीं त्याला कायमचें रूप आलें. त्याच्या नांवांतील ‘कॉमन’ या शब्दाचें भाषांतर ‘साधारण’ असें केल्यास अर्थाची हानि होते. तो शब्द ‘सामाईक’ असा घेतला पाहिजे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, तशीच ही सामाईक प्रार्थना.

प्यूरिटन लोकांना हें पुस्तक मुळींच मानवलें नाहीं. दुसऱ्यानें लिहून दिलेला पश्चात्ताप माझा कसा होईल, असा त्यांचा सवाल होता. आत्म्याला जे शब्द सुचतील तेच खरे. बाकी सारी पोपटपंची! सत्ता हातीं येतांच १६४५ सालीं पार्लमेंटनें या पुस्तकावर बंदी घातली, आणि १६४७ सालीं नाताळासकट सर्व सण रद्द केले. त्या वर्षीं नाताळाच्या दिवशीं दुकानें उघडीं ठेवण्याचा हुकूम झाला असतां कँटरबरींत लोकांनीं दंगा केला. प्यूरिटनांचा सवाल मात्र दंग्यानें खोटा ठरत नाहीं, आणि त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे.

आमचें उत्तर असें. ठरीव शब्द म्हणजे स्वतःच्या मनःस्थितीविषयीं दिलेली साक्ष नव्हे. न्यायालयांतील साक्षीदार ‘मीं पाहिलें’ असें म्हणतो तेव्हां त्यानें पाहिलेलें असलेंच पाहिजे. पण आईच्या मृत्यूनंतर भेटावयास आलेला शेजारी चार ठरलेले शब्द बोलतो तेव्हां ते त्या क्षणीं त्याच्या अंतःकरणांतून उसळले कीं नाहीं याची चौकशी आपण करीत नाहीं. तो आला, आणि जें बोलावयाचें तें बोलला, यालाच किंमत असते. उपासनेचे शब्द या दुसऱ्या जातीचे आहेत. शिवाय दररोज नवा व अस्सल भाव मनांतून काढून दाखविण्याची सक्ति झाली, तर ढोंग कमी न होतां वाढेल अशी आम्हांला भीति आहे. भावनेचें प्रदर्शन करण्यापेक्षां पाठ केलेली नम्रता पुष्कळ वेळां अधिक सभ्य असते.

मात्र या उत्तराला एक अट आहे. शब्द उच्चारण्याची सक्ति असेल तर तें लटकें पडतें. १५५९ च्या कायद्यानें रविवारीं चर्चला न येणाऱ्यास बारा पेन्स दंड ठेवला होता. दंडाच्या भयानें म्हटलेल्या सामाईक प्रार्थनेची तरफदारी करण्यास आम्ही तयार नाहीं. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यानें ही धार बोथट केली, आणि त्यानंतरच पुस्तकाच्या गुणदोषांचा निवाडा शांतपणें करण्यासारखी स्थिति आली.

हिवाळ्याचें पंचांग पाहिलें म्हणजे हें पुस्तक लोकांच्या अंगीं किती मुरलें होतें तें समजतें. नाताळापूर्वीं चार रविवारांचा आगमनकाळ असतो. त्याच्या आधींच्या रविवारीं नेमलेल्या प्रार्थनेचा आरंभ ‘ढवळणें’ या अर्थाच्या शब्दांनीं होतो. देवानें भक्तांचीं मनें ढवळावीं असा तेथील आशय; परंतु चर्चमध्यें तो शब्द कानीं पडला कीं गृहिणींना नाताळच्या पुडिंगाचें मिश्रण ढवळण्याची आठवण व्हावयाची, आणि त्या रविवाराला तेंच नांव पडलें! एखाद्या कर्मठाला यांत धर्माची विटंबना दिसेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. ज्या प्रार्थनेला स्वयंपाकघराची वाट ठाऊक आहे ती लवकर मरत नाहीं.

त्याच पंचांगांत २१ डिसेंबर हा दिवस संत थॉमस याचा आहे. जखमांना हात लावल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं असें म्हणणारा शिष्य तो हाच. परंपरेप्रमाणें हिंदुस्थानांत आलेलाही हाच, आणि मुंबईचें १७१८ सालीं उपासनेसाठीं उघडलेलें अँग्लिकन चर्च याच्याच नांवाचें. वर्षांतल्या सर्वांत लहान दिवशीं संशयी शिष्याचें स्मरण! हा योग कोणी बुद्ध्या जुळविला नव्हता. इंग्लंडनें १७५२ सालीं पंचांग सुधारलें तोंपर्यंत सर्वांत लहान दिवस या तारखेच्या आधींच होऊन जात असे. पुढें विसाव्या शतकांतील सुधारलेल्या पंचांगानें थॉमसला ३ जुलैला नेलें. फार तर ज्याला पाहिजे त्यानें जुनी तारीख पाळावी अशी मोकळीक ठेवली. संशयी माणसाची उन्हाळ्यांत रवानगी करण्याचा हा निर्णय आम्हांला तरी रुचत नाहीं. ऐन काळोखांत त्याला बांकावर जागा होती, आणि ती त्याला हांकलून दिलेल्यांत न घालतां शिष्यांतच मोजून दिलेली होती.

आतां या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळूं. या पुस्तकांतील पापाची कबुली व बहुतेक प्रार्थना अनेकवचनी आहेत. पण इंग्रजींतील ‘वुई’ हा शब्द मराठी माणसाला दरिद्री वाटल्यावांचून राहत नाहीं. आमच्याकडे ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो, आणि ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. देवाला उद्देशून बोलतांना मराठी ख्रिस्ती ‘आमच्या’ असेंच म्हणतो, आणि व्याकरणदृष्ट्या तें बरोबर आहे. पण शेजारच्या बांकावरचा, दाराशीं थबकलेला, बाहेर थंडींत उभा असलेला, हे सारे त्या ‘वुई’मध्यें मोडतात काय? इंग्रजी व्याकरण येथें मुग्ध आहे. उत्तर पॅरिशच्या वर्तनावरूनच काढावें लागतें.

तें वर्तन नेहमींच भूषणावह होतें असें नाहीं. कित्येक जुन्या चर्चांत गांवच्या जमीनदाराचें आसन उंच फळ्यांनीं वेढलेलें असे, आणि कांहीं आसनांत तर स्वतंत्र शेगडी बांधलेली असे. पापाची कबुली सर्वांनीं मिळून द्यावयाची, शेकावयाचें मात्र एकट्यानें! गरिबांचे बांक मागें, दाराच्या वाऱ्यांत. नॉर्फक परगण्यांतील वेस्टन लाँगव्हिल येथें १७७६ पासून १८०३ पर्यंत असलेले पाद्री जेम्स वुडफर्ड यांनीं रोजनिशी ठेवली होती. थॉमसच्या दिवशीं गरीब लोक दारोदार फिरून धान्य वा पैसे मागत; वुडफर्ड प्रत्येकाला सहा पेन्स देत. नाताळाच्या दिवशीं ते गांवांतल्या कांहीं वृद्ध गरिबांना जेवावयास बोलावीत, आणि जातांना एकेक शिलिंग हातावर ठेवीत. स्वतःच्या जेवणांतले पदार्थही ते तितक्याच आवडीनें टिपून ठेवीत, हें वाचतांना हंसूं येतें. पण माणूस कोत्या मनाचा नव्हता.

याहून कठीण गोष्ट कायद्याची. १६०१ च्या कायद्यानें गरिबांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला, आणि पुढें १८३४ पर्यंत तो बहुतांशीं तिच्याकडेच होता. त्या काळीं इतकी व्यवस्था फार देशांत नव्हती. परंतु १६६२ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं परगांवाहून आलेला मनुष्य पुढें आपल्या खर्चांत पडेल अशी शंका आली तर त्याला चाळीस दिवसांच्या आंत परत धाडतां यावें. अविवाहित गर्भवती स्त्रियांना प्रसूतीपूर्वीं हद्दीपार करण्याची धडपड चाले, कारण अशा स्त्रीचें मूल जेथें जन्मेल तेथें त्याचा भार पडे. वाचकांनीं सालाकडे लक्ष द्यावें. ज्या वर्षीं प्रार्थनेचें पुस्तक कायम झालें तेंच हें साल, आणि दोन्ही कायदे करणारें पार्लमेंटही एकच. एका हातानें ‘आम्ही सर्व’ असें लिहिलें, आणि दुसऱ्या हातानें त्या ‘आम्ही’ची सीमा आंखली. रविवारीं जी प्रार्थना म्हणावयाची तिच्यांतली माणसें सोमवारीं गाडींत घालून हद्दीबाहेर सोडावयाचीं, याला ढोंग म्हणावयाचें नाहीं तर कशाला? श्रद्धा नसतांना शब्द उच्चारणाऱ्या त्या बिचाऱ्या संशयी माणसाचा अपराध याच्यापुढें कांहींच नव्हे.

याच पंथाच्या मिशननें पुण्यांत पाहुण्यांपुढें चहा ठेवला तेव्हां सीमा आंखण्याचें काम आमच्या लोकांनीं हातीं घेतलें हेंही सांगितलें पाहिजे. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या त्या चहावरून टिळक, रानडे आदि मंडळींवर जें ग्रामण्य झालें तें प्रसिद्धच आहे.

पुस्तकाच्या नियमाप्रमाणें पाद्र्यानें रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणावी, आणि पॅरिशच्या चर्चमध्यें ती म्हणण्यापूर्वीं घंटा वाजवावी. कवि जॉर्ज हर्बर्ट १६३० पासून १६३३ पर्यंत बेमर्टन येथें असतांना ही घंटा ऐकून कांहीं शेतकरी नांगर थांबवीत, असें त्यांचे चरित्रकार वॉल्टन यांनीं लिहून ठेविलें आहे. आज जानेवारींतल्या संध्याकाळीं एखाद्या पाद्र्यानें घंटा वाजविली आणि कोणीच आलें नाहीं, असें सहज घडण्यासारखें आहे. तो एकटाच दिव्याखालीं बसून ‘आम्ही’ म्हणतो. त्या क्रमाच्या शेवटीं, दोघे-तिघे जमले असतां देव ऐकतो, या वचनाचा उल्लेख येतो. तोही तो वाचतो. हें अनेकवचन खोटें आहे काय? आम्हांला तें कर्जाच्या दस्तऐवजासारखें वाटतें. जे आले नाहींत त्यांच्या नांवें तो सही करतो. पुढें त्यांच्यापैकीं कोणी आजारी पडला, निराधार झाला, मेला, तर त्याच्या दाराशीं जाण्याचें बंधन त्यानें स्वतःवर घेतलेलें असतें. तें बंधन पाळलें तर अनेकवचन खरें; नाहीं तर तो नुसता व्याकरणाचा अलंकार.

टॉमस हार्डी यांची श्रद्धा तरुणपणींच गेली होती, पण चर्चची ओढ कधीं सुटली नाहीं. त्यांचे वडील आणि आजोबा स्टिन्सफर्डच्या चर्चमध्यें तंतुवाद्यें वाजवीत. नाताळाच्या रात्रीं गुरें गुडघे टेकतात या खेडवळ समजुतीवर त्यांनीं १९१५ सालीं, महायुद्ध चाललें असतां, एक लहानशी कविता लिहिली. तिच्यांत विश्वास नाहीं, पण जाऊन पाहण्याची इच्छा आहे. १९२८ सालीं त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्यें ठेवली गेली, आणि हृदय स्टिन्सफर्डच्या आवारांत पुरलें गेलें. पॅरिशनें आपल्या नास्तिकाला जागा नाकारली नाहीं.

जिवंत माणसांना जागा देण्याचें काम अधिक अवघड. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकांतील सेंट मार्टिन चर्चमध्यें १९१४ सालीं डिक शेपर्ड हे पाद्री झाले. महायुद्धांत फ्रान्सहून आलेल्या सैनिकांना आणि बेघर लोकांना रात्रीं निजावयास त्यांनीं तें चर्च उघडें ठेविलें. ६ जानेवारी १९२४ रोजीं चर्चमधील उपासना रेडिओवरून प्रथम ऐकविली गेली तीही तेथूनच. ‘आम्ही’ची हद्द त्या दिवशीं नकाशाबाहेर गेली. अलीकडे लंडनमध्यें व इतर शहरांत निरनिराळ्या पंथांचीं सात चर्चें मिळून हिवाळ्यांत आठवड्याची एकेक रात्र वांटून घेत, आणि बेघरांना जेवण व अंथरूण देत. २०२० च्या सांथीनंतर एका दालनांत अनेकांनीं निजण्याची ही रीत पुष्कळ ठिकाणीं बदलून स्वतंत्र खोल्यांची सोय करावी लागली. २०२२ च्या हिवाळ्यांत इंधन महाग झालें तेव्हां ज्यांना घर तापविणें परवडेना त्यांच्यासाठीं अनेक पॅरिशींनीं आपलीं दालनें दिवसभर उघडीं ठेवलीं. चहा, वर्तमानपत्र, बसावयास खुर्ची. प्रार्थनेची अट नाहीं. जमीनदाराच्या शेगडीची ही फेड म्हणावयास हरकत नाहीं.

आंकडे पाहिले तर चित्र फारसें उत्साहजनक नाहीं. २०२३ सालीं इंग्लंडच्या चर्चची आठवड्याची सरासरी उपस्थिति सात लाखांच्या आसपास होती. नाताळाला मात्र सुमारें वीस लाख लोक आले. या एका दिवसाच्या पाहुण्यांची थट्टा करण्याची चाल आहे. आम्हांला ती अप्रशस्त वाटते. घर उघडें ठेवणारे थोडे आणि सणाला येणारे फार, असें कोणत्या कुटुंबांत नसतें? खरी अडचण घर उघडें ठेवणाऱ्यांच्या वयाची व संख्येची आहे. खेड्यांत आज एका पाद्र्याकडे पांच-पांच, सहा-सहा गांवें असतात, आणि हिवाळ्यांत प्रत्येक गांवाला त्याचा रविवार महिन्यांतून एखादाच मिळतो. उरलेल्या रविवारीं दार बंद राहिलेंच पाहिजे असें मात्र नाहीं. संध्याकाळची प्रार्थना वाचावयास पाद्रीच लागतो असा निर्बंध नाहीं. गांवांतली एखादी निवृत्त शिक्षिका किल्ली आणून, दिवा लावून, दोन शेजारणींसह ती वाचूं शकते, आणि कित्येक ठिकाणीं तसें चाललेंही आहे.