लाजाळूला सकाळ कशी कळते?

कोकणातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा होती. श्रावणाचे दिवस होते. शाळेमागच्या बांधावर लाजाळू माजली होती. बाई सातवीच्या मुलांना बांधावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हात लावून बघा." पानं भराभर मिटली. मग बाईंनी कारण सांगितलं. पानाच्या देठाशी एक बारीक फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की त्यातल्या काही पेशींमधलं पाणी बाहेर जातं, सांधा सैल पडतो आणि पान मिटतं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

एक मुलगी मात्र लिहायची थांबली. "बाई, तिन्हीसांजेला लाजाळूला कुणी हात लावत नाही, तरी ती मिटते. सकाळी आपली आपण उघडते. तिला सकाळ झालेली कळते कशी?"

वर्गात नेहमी पहिला येणारा मुलगा म्हणाला, "त्यात काय! उजेड पडला की उघडते."

"आणि उजेड पडूच दिला नाही तर?"

सगळी पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं. आपण लाजाळूलाच विचारू. कसं विचारायचं, ते तू ठरव."

मुलीनं मुळांसकट एक रोप उपटून डब्यात लावलं. ते सावरेपर्यंत थांबली आणि मग एका संध्याकाळी तिनं डबा वर्गातल्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर कपाट उघडलं, तर पानं छान पसरलेली!

"दाराला फट आहे," पहिला येणारा मुलगा म्हणाला. "तिथून उजेड आत गेला असणार."

मुलगी रागावली नाही. त्याचं म्हणणं तिला पटलं. फट राहिली असेल, तर उत्तर पक्कं नाही. तिच्या घरी पडवीत भाताची कणगी होती. पावसाळ्यात ती रिकामीच असायची. शेणानं लिंपलेल्या कणगीत उजेड शिरायला वाव नव्हता. मुलीनं रोप तळाशी ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर गोणपाट घातलं. आजी म्हणाली, "अगो, झाडाला कोंडून काय मिळणार तुला?" मुलगी म्हणाली, "तेच तर बघायचंय, आजी."

ती सकाळी, दुपारी आणि रात्री अगदी क्षणभर झाकण उचलून पाही. रात्री पानं मिटलेली असत आणि दिवसा उघडी. आत सूर्याचा किरणही पोचत नव्हता, तरी रोप दिवस आणि रात्र पाळत होतं. आता मात्र पहिला येणाराही चक्रावला. शाळा सुटल्यावर तो तिच्या घरी येऊ लागला. "झाकण उचलतो तेव्हाच्या उजेडानं तर उघडत नसेल?" त्यानं विचारलं. दोघांनी मिळून तेही तपासलं. दुसरं एक रोप झाकून ठेवलं आणि थेट दुसऱ्या दिवशी दुपारीच उघडून पाहिलं. तेही उघडंच होतं.

हे सारं नोंदवायचं म्हणून मुलीनं तक्ता आखला. वाचणाऱ्याला नीट कळावं म्हणून वाक्यं पुन्हा पुन्हा लिहिली. ज्या गणिताचा आणि निबंधाचा तिला कंटाळा यायचा, तेच आता तिच्या गरजेचं झालं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती वरच्या इयत्तेची विज्ञानाची पुस्तकं मागून आणून वाचू लागली.

इकडे बाईंनीही शोधाशोध केली होती. एके दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं, "१७२९ साली फ्रान्समध्ये दे मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. पानं मिटणारं असंच एक रोप त्यानं अंधारात ठेवलं आणि त्यालाही हेच दिसलं. सजीवांच्या आतच वेळ राखणारं एक घड्याळ असतं. फळमाशीच्या पेशींत ते कसं चालतं, हे उलगडून दाखवणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं."

मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे हे आधीच कुणीतरी शोधलंय?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण तू त्याचं पाहून उत्तर लिहिलं नाहीस. त्याच्यासारखाच तुलाही प्रश्न पडला, आणि तू रोपालाच विचारलंस. रोपानं दोघांनाही खरं तेच सांगितलं. आता सांग, पुढे काय?"

मुलीनं जरा विचार केला. "बाई, रोप पुष्कळ दिवस अंधारात राहिलं, तर त्याचं घड्याळ चुकत जाईल का?"

तेवढ्यात पहिला येणारा मुलगा उठला. एरवी तो उत्तर द्यायला उठायचा. आज तो म्हणाला, "बाई, चिंचेची पानंही रात्री मिटतात. तिच्या रोपावर मी करून बघू?"

तात्पर्य : मुलाला प्रश्न पडला, तर घाईनं उत्तर देऊन तो संपवू नये. त्याला स्वतः तपासून पाहू द्यावं. आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मूल जे शिकतं, ते त्याच्या अंगी मुरतं, आणि पुढचं शिकण्याची ओढही त्यातूनच लागते.