वाटणी मागणे हे पाप आहे काय?



गावात एखाद्या घरी जमिनीच्या वाटणीचा दावा लागला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "जमिनीपायी भाऊ भावाचा वैरी झाला." दुसरे, दावा लावणारी बहीण किंवा आई असली तर, जरा हळू आवाजात, "हिला एवढी कसली हाव सुटली?" नागरा आणि आसपासच्या गावांत ही वाक्ये आम्ही ऐकतो, आणि ती बोलणारी माणसे वाईट नसतात. त्यांना घर एकत्र राहावे असेच वाटत असते. म्हणूनच हा प्रश्न सरळ विचारावासा वाटतो. वाडवडिलांच्या जमिनीतला आपला वाटा मागणे हा लोभ आहे काय?

आपल्यापैकी अनेकांना इथे लूकच्या शुभवर्तमानातील बारावा अध्याय आठवेल. गर्दीतला एक माणूस येशूकडे येतो आणि माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा, अशी विनंती करतो. येशू नकार देतो. मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमले, असे विचारतो आणि मग लोभापासून सावध राहा, असे सांगतो. यावरून प्रवचनात पुष्कळदा असा अर्थ काढला जातो की वाटा मागणाऱ्यालाच प्रभूने लोभी ठरवले. पण उतारा नीट वाचावा. त्या माणसाचा हक्क खोटा आहे, असे येशू कुठेही म्हणत नाही. लोभाचा इशारा त्या एकट्याला नाही, तर तिथे असलेल्या सर्वांना आहे. आणि त्यानंतर जो दृष्टान्त येतो, त्यातला श्रीमंत शेतकरी वाटा मागणारा नाही. तो सगळे आपल्या कोठारात साठवून ठेवणारा आहे. लोभ मागणाऱ्याच्या ठायी असू शकतो, तसाच धरून ठेवणाऱ्याच्याही. धरून ठेवणाऱ्याचा लोभ मात्र लवकर दिसत नाही. त्याला आवाज करावा लागत नाही, नुसते गप्प बसले तरी पुरते.

संत पौलाचेही तेच झाले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो न्यायालयात जाणाऱ्या बांधवांना विचारतो, की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? हे वचन आम्ही अनेकदा ऐकवतो. लगेच पुढच्या वचनात तो भावांना लुबाडणाऱ्यांना खडसावतो, ते मात्र फारसे ऐकवले जात नाही.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आमच्या मनात रुतून बसला. माणसाने वस्तू स्वतःच्या मालकीची म्हणून ठेवावी काय, या प्रश्नाला ते तीन कारणे देऊन होय म्हणतात. माणूस आपल्या वस्तूची अधिक काळजी घेतो, कामात व्यवस्था राहते, आणि तिसरे कारण शांततेचे. जिथे मालमत्ता अविभक्त असते तिथे भांडणे अधिक होतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. तेराव्या शतकातल्या, स्वतः जमीनदार घराण्यात जन्मलेल्या या साधूला घरातले वाद चांगले ठाऊक असावेत! मात्र ते तिथेच थांबत नाहीत. मालकी स्वतंत्र असली तरी उपयोग करताना गरजवंताचा वाटा त्यात आहेच, असेही ते सांगतात. म्हणजे वाटणी हे घर मोडण्याचे चिन्ह आहे, ही आपली समजूत एकदा उलटी करून पाहण्यासारखी आहे. वेळेवर झालेली वाटणी घर राखते. न झालेली वाटणी मोडते.

यावर एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. सांगलीच्या भागातले खंडाप्पा मगदूम १९६० च्या जून महिन्यात वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. दोन घरे, जमीन, दोन दुकाने आणि काही जंगम मालमत्ता. १९६२ मध्ये हिराबाईंनी सांगलीच्या न्यायालयात वाटणीचा दावा दाखल केला. मुलगा गुरुपाद याचे म्हणणे असे की वाटणी वडिलांच्या हयातीतच झाली आहे. न्यायालयाने ते मानले नाही. मग प्रश्न उरला तो आईच्या वाट्याचा. खालच्या न्यायालयाने तिला चोविसावा हिस्सा दिला. मुंबई उच्च न्यायालयाने चोवीसपैकी सात हिस्से दिले, आणि एप्रिल १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयात तेच कायम झाले. दावा लावल्यापासून पंधरा वर्षे उलटून गेली होती.

एक हिस्सा कुठे आणि सात कुठे! हा फरक कशाने पडला? कायदा सांगतो की मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असे धरावे. तशी ती झाली असती तर वडील, आई आणि दोन मुलगे असे चार सारखे वाटे पडले असते. म्हणजे आईचा स्वतःचा चौथा हिस्सा, चोवीसपैकी सहा. मग वडिलांचा चौथा हिस्सा पत्नी आणि पाच मुले मिळून सहा जणांत वाटला गेला, त्यातून आईला आणखी एक. खालच्या न्यायालयाने फक्त हा शेवटचा एक मोजला. ती विधवा झाली म्हणून तिला जे मिळाले तेवढे दिले, आणि ती त्या घराची होती म्हणून तिचे जे होते ते सोडून दिले.

आम्हाला यात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट ही, की कायद्याला एक कल्पना करावी लागली. मरण्यापूर्वी घरधनी सर्वांना घेऊन बसला आणि त्याने ज्याचे त्याला दिले, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात ते झाले नव्हते, म्हणून न्यायाधीशांनी ते मनाने घडवले.

आता आपल्या घरांकडे येऊ. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि वडील आधी वारले असले तरी तो हक्क राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा यांच्या खटल्यात स्पष्ट केले. आदिवासी समाजाला तो कायदा लागू नाही. पण जुलै २०२५ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने आजोबांच्या मिळकतीत मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि तो पूर्वीपासून मुलगा-मुलगी भेद करत नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलामुलींना सारखे. सहा एकर जमीन, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण असे असेल तर आईला दोन एकर आणि तिन्ही मुलांना सुमारे एक एकर तेरा गुंठे प्रत्येकी. केरळच्या त्रावणकोर भागात १९१६ चा एक वेगळा कायदा होता. त्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळे. तो लागू राहिलेला नाही, हे १९८६ मध्ये मेरी रॉय या शिक्षिकेने लढून मिळवले. विरोध ख्रिस्ती समाजातूनच झाला, हे विसरू नये.

आणि तरीही आपल्या घरांत काय होते? वडील जातात. महिन्याभराची मिस्सा होते. पाहुणे परततात आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ती सही करते. कधी खरोखर मनापासून, भाऊ अडचणीत आहे म्हणून. पण कधी माहेरची वाट बंद होईल या भीतीने. आपण दोन्ही सह्यांना एकच नाव देतो, त्याग. नीतिशास्त्र असे म्हणत नाही. कोणतीही कृती पुण्याची ठरायला दोन गोष्टी लागतात, समज आणि स्वातंत्र्य. आपण नेमके किती सोडतो आहोत हे जिला सांगितलेच नाही, आणि 'नाही' म्हटले तरी भाऊबीजेला ताट वाढले जाईल याची जिला खात्री नाही, तिने त्याग केला नाही. तिच्याकडून घेतले गेले. त्यातून जी शांतता मिळते ती त्या घराची खरी शांतता नव्हे.

भावांची बाजूही हलकी नाही, हे सांगितले पाहिजे. एक भाऊ शिकून नागपूरला किंवा भिलाईला नोकरीला गेला, बहीण सासरी गेली, आणि तिसरा इथेच राहिला. रोवणी त्याने केली, म्हाताऱ्या आईचे आजारपण त्याने काढले, सोसायटीचे कर्ज त्याने फेडले. आता सर्वांना सारखे, हा न्याय का? ॲरिस्टॉटलपासून हा प्रश्न चालत आला आहे, की सर्वांना सारखे देणे आणि ज्याचे जेवढे योग्य तेवढे देणे या नेहमी एकच गोष्टी नसतात. आमचे मत असे की त्या भावाचे ऋण खरे आहे आणि ते फेडलेच पाहिजे. पण ते सर्वांनी उघड बसून, हिशेब मांडून, आपापल्या वाट्यातून फेडावे. बहिणीचे नाव सातबारावर चढू न देऊन त्याने ते परस्पर वसूल करू नये. ज्याला आपल्या कष्टाचा मोबदला मागायचा आहे, त्याने तो मोबदला म्हणूनच मागावा.

धानाची जमीन वाटणे हे तसेही कापड फाडण्यासारखे सोपे नाही. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. वरची बांधी एकाची आणि खालची दुसऱ्याची झाली की धुरा केव्हा फोडायचा यावरून दरवर्षी भांडण. बोडी एकाच्या वाट्यात गेली तर दुसऱ्याचे पऱ्हे वाळतात. रोवणी झाल्यावर मागच्या शेतात ट्रॅक्टर न्यायचा कुठून? धुऱ्यावरच्या मोहाची फुले कोणी वेचायची? प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून प्रत्येकाला पट्टा दिला तर वाटणी न्याय्य होते, पण शेत चिंध्या होते, आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो तो वेगळाच. दिवाणी न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त कोणाचा कितवा हिस्सा ते सांगते. सारा भरणारी जमीन प्रत्यक्ष मोजून वाटण्याचे काम त्यानंतर महसूल खात्याकडे जाते. पुष्कळ दावे या दोन टप्प्यांच्या मध्येच म्हातारे होतात. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना सांगितले की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर नवीन अर्जाची वाट न पाहता काम पुढे चालवा, त्यामागे हाच अनुभव आहे. पण पाण्याची वाट आणि गाडीची वाट जेवढी घरच्यांना कळते तेवढी कोणत्याच साहेबाला कळणार नाही.

सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी होते. शेतजमिनीच्या अशा वाटणीला मुद्रांक शंभर रुपयांचा, आणि २०२५ मध्ये शासनाने वाटणीपत्राची नोंदणी फीही माफ केली. एकाच्या नावाची जमीन दुसरा बारा वर्षांपासून कसत असेल, आणि त्याची पहिल्याकडे, तर अदलाबदलीसाठी २०२३ पासून सलोखा योजना आहे. दावा लागलेलाच असेल तर लोकअदालतीत समेट करता येतो, कोर्ट फी परत मिळते. ज्यांना आपल्या हयातीत वाटणी नको वाटते त्यांनी निदान मृत्युपत्र लिहावे. त्याला दोन साक्षीदार लागतात, मुद्रांकाचा कागद लागत नाही.

मे महिन्यात बांध्या कोरड्या असतात, धुरे स्पष्ट दिसतात, आणि मुली मुलाबाळांसह माहेरी येतात. ज्या घरात आईवडील अजून आहेत त्यांनी एका सकाळी सर्वांना शेतावर न्यावे, सुना आणि जावई यांनाही. पाणी कुठून येते ते चालत दाखवावे. मग मुलीला भावांच्या समोरच विचारावे, तुझा वाटा कोणत्या बाजूला हवा? ती म्हणेल, मला नको. तेव्हा आईने तो किती होतो ते गुंठ्यांत सांगावे, आणि पुन्हा एकदा विचारावे.