पाच मुलांच्या साक्षीने

'द अमेरिकन्स' या मालिकेतल्या फिलिप आणि एलिझाबेथ यांचा संसार केजीबीने जुळवून दिलेला आहे. नावे खोटी, लग्न कामगिरीपुरते, पोटची दोन मुले मात्र खरी. दिवसा ट्रॅव्हल एजन्सी, रात्री मॉस्कोची चाकरी. पहिल्याच भागात फिलिप म्हणतो, आता इथलेच होऊन राहू. एलिझाबेथला ते ऐकूनही घेववत नाही. 2013 ते 2018 अशी सहा पर्वे मालिका याच पेचावर उभी राहिली: हा माणूस नेमका कुणाचा? घराचा, की ज्याला शब्द दिला त्याचा?

भोर-वेल्ह्याला हा पेच नवा नाही. मावळातली देशमुख घराणी सोयरिकींनी एकमेकांत गुंतलेली, आणि वतने विजापूरच्या शिक्क्याने चालणारी. जून 1659 मध्ये कारीच्या कान्होजी जेध्यांना फर्मान आले: अफजलखानाला सामील व्हा. एकीकडे वतनाचा धनी. दुसरीकडे शहाजीराजे, ज्यांच्याबरोबर कान्होजींनी कैद भोगली होती आणि ज्यांनी त्यांना शिवाजी महाराजांच्या पाठीशी धाडले होते. कान्होजी पाचही मुलांना घेऊन महाराजांकडे गेले, फर्मान पुढे ठेवले आणि वतनावर पाणी सोडले. उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाकडे गेले.

खान पडल्यावर खोपड्यांचे काय झाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांचे जावई, गुंजण मावळातले हैबतराव शिळीमकर, सासऱ्याच्या जिवासाठी रदबदली करायला गेले ते कान्होजींकडेच. आणि ज्यांनी स्वराज्यासाठी वतन सोडले, त्याच कान्होजींनी महाराजांकडे खोपड्यांसाठी शब्द टाकला. महाराजांनी जीव घेतला नाही. उजवा हात आणि डावा पाय तोडला. कान्होजींची निष्ठा या रदबदलीने उणी झाली, असे मी मानत नाही. एका बाजूला पक्के उभे राहिल्यावरही सोयऱ्याचे दुःख आपले वाटते, म्हणून तर ती निष्ठा माणसाची वाटते.

पण कान्होजींना एक गोष्ट साधली, ती हेराला कधीच साधत नाही. त्यांनी निवड उघड्यावर केली. मुले समोर होती. आपण काय सोडतो आहोत आणि कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते. हेर जोडप्याला तेवढेही करता येत नाही. नवरा-बायको एकमेकांशी खोटे बोलले तर तो त्यांचा सौदा. मुलांनी मात्र कुठलीच शपथ घेतलेली नसते, आणि किंमत पहिल्यांदा तीच मोजतात. मालिकेतल्या पेजला आईबापांचे खरे कळते तेव्हा तिचे स्वतःचे बालपणच संशयास्पद ठरते. तिच्या भावाला तर आईबाप घर सोडून जाईपर्यंत काही कळत नाही.

हे निव्वळ पडद्यावरचे नाही. जून 2010 मध्ये अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांत मुलेबाळे असलेली जोडपी होती. त्यांतल्या एका जोडप्याचा धाकटा मुलगा टोरांटोत जन्मलेला. कॅनडाने त्याचे नागरिकत्व नाकारले आणि 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात त्याला ते परत मिळाले. आपण कुठले, हे त्या मुलाला कोर्टाकडून लिहून घ्यावे लागले!

उघडी निवडसुद्धा दर वेळी माणसाला तारत नाही. भोरजवळच्या अंबवड्याला कान्होजींची समाधी आहे आणि त्याच गावात शंकराजी नारायण सचिवांचीही. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात या माणसाने मावळ सांभाळला. पुढे ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. ती दूधभातावर हात ठेवून घेतली, असे सांगतात. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि खरा धनी कोण, या प्रश्नाला दोन उत्तरे झाली. दोन्ही संभाजी-राजारामांच्याच घरातली, दोन्ही खरी. शपथ मोडवेना, संभाजीपुत्रावर शस्त्र उचलवेना. शंकराजींनी अंबवड्यालाच जीवन संपवले.

त्यांना फितूर कुणी म्हटले नाही, हे बरे झाले. पण त्यांचे कौतुक करतानाही माझे मन मागे राहिलेल्या घरापाशी अडते. मुलगा नारो शंकर तेव्हा अगदी अजाण होता. शाहू महाराजांनी सचिवपद त्या मुलालाच दिले. ज्या पक्षात जाणे बापाला जिवंतपणी जमले नाही, त्याच पक्षात तो वाढला, आणि भोरचे संस्थान पुढे त्याच्याच घराण्यात चालले.