उपहास आणि आदर

एखादी कलाकृति अल्पायुषी ठरली म्हणजे तिच्याविषयीं दोन तऱ्हेचे उद्गार ऐकूं येतात. व्यवहारी मनुष्य म्हणतो, ‘लोकांना ती आवडली नाहीं, म्हणून ती गेली, तींत दम असता तर ती टिकली असती.’ तिचा चाहता म्हणतो, ‘लोकांची अभिरुचिच हलकी, रत्न त्यांच्या हातीं आलें आणि त्यांनीं तें गारगोटी समजून फेकून दिलें.’ हे उद्गार परस्परविरुद्ध दिसतात खरे. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे. कलाकृतीचें आयुष्य आणि तिची योग्यता यांचा संबंध अतूट असला पाहिजे, आणि तो तुटलेला दिसला कीं कोणाला तरी दोषी ठरविल्यावांचून गत्यंतर नाहीं, अशी ती समजूत होय. ती कितपत खरी आहे याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे. त्यासाठीं घेतलेलें उदाहरण हलकेंफुलकें आहे. परंतु गंभीर प्रश्नाला उदाहरणहि गंभीरच हवें असा कांहीं निर्बंध नाहीं.

अमेरिकेंतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीनें जानेवारी २०१५ मध्यें ‘गॅलव्हँट’ नांवाची एक संगीत विनोदी मालिका दाखविण्यास आरंभ केला. तिचा जनक डॅन फोगेलमन. तिच्यांतील गाण्यांच्या चाली अ‍ॅलन मेंकेन याच्या व शब्द ग्लेन स्लेटर याचे. ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) व ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) या डिस्नेच्या चित्रपटांचें संगीत देणारा मेंकेन तो हाच. कथा मध्ययुगांतील, किंवा किल्ले, तलवारी आणि राजकन्या यांनीं भरलेल्या एका कल्पित मध्ययुगांतील. मालिकेचे भाग अर्ध्या अर्ध्या तासाचे, आणि त्या प्रत्येकांत नवीं गाणीं. दुसरी एक लोकप्रिय मालिका हिवाळ्यांत विश्रांति घेत असे. त्या रिकाम्या रविवारीं हिचे दोन दोन भाग दाखवीत. पहिल्या वर्षीं ८ भाग झाले, दुसऱ्या वर्षीं १० झाले, आणि मे २०१६ मध्यें वाहिनीनें मालिका बंद केल्याचें जाहीर केलें. म्हणजे तिचें सारें आयुष्य अवघ्या नऊ रविवारांचें. असें असूनहि तिचें नांव काढतांच ज्यांचा चेहरा उजळतो अशीं माणसें आज इतक्या वर्षांनींहि आढळतात. या ओढीचें कारण काय?

कथेचा प्रारंभ नेहमींच्या अद्भुतकथेसारखा आहे. गॅलव्हँट हा विख्यात शिलेदार. युरोपांत ज्यांस ‘नाइट’ म्हणत त्या घोडेस्वार वीरांपैकीं एक. त्याची प्रेयसी मॅडलेना हिला राजा रिचर्ड पळवून नेतो. ऐन लग्नाच्या वेळीं गॅलव्हँट पहारेकऱ्यांना लोळवीत आंत शिरतो, आणि खऱ्या प्रीतीपुढें राजवैभव तुच्छ होय अशा आशयाचें भाषण ठोकतो. येथवर सर्व यथाशास्त्र चालतें. पण मॅडलेना क्षणभर विचार करते, आणि वैभवच पत्करते! पुढें आपला नायक दिसतो तो दारूच्या आहारीं गेलेला, तलवारीला गंज चढूं देणारा. व्हॅलेन्सियाची राजकन्या इसाबेला त्याच्याकडे साहाय्य मागण्यास येते, तीहि सत्य लपवून. कारण तिचे आईबाप रिचर्डच्या कैदेंत आहेत आणि गॅलव्हँटला त्याच्या जाळ्यांत आणून सोडणें ही त्यांच्या सुटकेची किंमत आहे. अशा रीतीनें वीर, प्रेयसी, राजकन्या, राजा या प्रत्येक ठराविक पुतळ्याचा मुलामा पहिल्या घटकेंतच खरवडला जातो.

आतां कोणी विचारील कीं, मुलामा खरवडण्यांत नवल तें काय? तें तर आजकाल सर्वत्रच चाललें आहे. शौर्य म्हणजे ढोंग, प्रीति म्हणजे व्यवहार, त्याग म्हणजे कीर्तीची हांव, असें हंसत हंसत सांगणारा मनुष्य चतुर ठरतो. उलट पक्षीं कांहीं मंडळी आपल्या आदर्शांभोंवतीं कुंपण घालतात आणि त्याच्याजवळ कोणी हंसला तरी अंगावर धांवून जातात. एका पक्षाला वाटतें, हास्यानें आदर्श मेला पाहिजे. दुसऱ्याला भय वाटतें, हास्यानें तो मरेल. हास्य हें विष आहे याविषयीं मात्र दोघांचें एकमत आहे.

आमच्या मतें या मालिकेची गोडी अशी कीं, तिनें हें एकमत खोटें ठरविलें. राजा रिचर्डचेंच पाहा. आरंभीं तो खलनायक आहे. त्यानें दुसऱ्याचें राज्य बुडविलें आहे, दुसऱ्याची स्त्री पळविली आहे. टिमोथी ओमुंडसन या नटानें तो असा रंगविला आहे कीं, त्याच्या दरडावण्यामागें एक भेदरलेलें, कोणी तरी आपल्यावर माया करावी म्हणून आसुसलेलें पोर दिसावें. राणी त्याला हिंगलून टाकते, प्रजा त्याला भीत नाहीं, आणि जो त्याचा अंगरक्षक गॅरेथ, तोच शेवटीं त्याच्या सिंहासनावर बसतो. हास्यानें रिचर्डचें राजेपण संपूर्ण हिरावून घेतलें. परंतु तें गेल्यावर खालीं जो माणूस उरला तो हळूहळू धीट होतो, मित्र होण्यास शिकतो, आणि अखेरीस मालिकेंतील खरा वीर बहुधा तोच, असें पाहणाऱ्यास वाटूं लागतें. दुसऱ्या वर्षीं हा राजा एक लहानसा सरडा पाळतो, त्याला टॅड कूपर असें नांव देतो, आणि हा ‘ड्रॅगन’च आहे, मोठा झाला कीं मुखांतून आग ओकील, असें येईल त्याला सांगत सुटतो. सगळे त्याच्या भाबडेपणाला हंसतात, आम्हीहि हंसतों. आणि शेवटच्या भागांत पाहतों तों तो सरडा खरोखरीच ‘ड्रॅगन’ झालेला! ज्यानें त्या श्रद्धेची इतके दिवस थट्टा केली त्याच लेखकानें जातां जातां तिच्या पदरांत माप घातलें. जो आदर्शाला मारण्यासाठीं हंसतो त्याला हा शेवट सुचणें शक्य नाहीं.

संगीताचेंहि असेंच. ज्या भाषेंत १८८० सालीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें, तिच्या वाचकाला पात्रानें बोलतां बोलतां गाऊं लागणें विचित्र वाटण्याचें कारण नाहीं. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. शब्द थट्टा करीत असतात तेव्हां चाल थट्टा करीत नसते. ती मनापासून वीरश्रीची किंवा मनापासून प्रेमाची असते. डिस्नेच्या चित्रपटांत ज्या निष्ठेनें मेंकेननें सुरावटी बांधल्या त्याच निष्ठेनें त्यानें येथें बांधल्या आहेत. कान श्रद्धा ठेवतो आणि बुद्धि हंसते, असा दुहेरी व्यापार एकाच वेळीं चालतो, आणि त्यांत दोघांचीहि फसवणूक होत नाहीं.

आमच्या प्राचीन साहित्यशास्त्रानें या गोष्टीचें मूळ फार पूर्वीं हेरून ठेवलें आहे. भरतानें नाट्यशास्त्रांत हास्याची उत्पत्ति शृंगारापासून सांगितली, शृंगाराची अनुकृति तें हास्य असें म्हटलें. आणि अभिनवगुप्तानें त्याचा विस्तार करून, कोणताहि रस अनुचित जागीं प्रकट झाला असतां त्याच्या आभासांतून हास्य उपजतें असें प्रतिपादन केलें. म्हणजे वीराचा आभास हाहि हास्याचा विषय होय. आम्हांस यांतून एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, आभास ओळखावयाचा तर मूळ रसाची ओळख आधीं हवी. ज्याच्या मनांत खऱ्या शौर्याची प्रतिमा नाहीं त्याला खोटें शौर्य हास्यास्पद वाटणार तरी कशाच्या तुलनेनें? वीराला हंसणाऱ्याच्या हृदयांत वीराला जागा असावी लागते. नसेल तर तें हास्य हास्य राहत नाहीं, तो केवळ तुसडेपणा होतो.

या बाबतींत गॅलव्हँटचे पूर्वज थोर आहेत. सर्व्हांटिसनें ‘डॉन किहोटे’ १६०५ व १६१५ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध केला तो शिलेदारांच्या भाकडकथांची टर उडविण्यासाठीं. त्या कथा आज विद्वानांवांचून कोणी वाचीत नाहीं. पण त्यांची टर उडविणाऱ्या पुस्तकांतला तो वेडा शिलेदार जगभर जिवंत आहे. दुसरा पूर्वज आमच्या प्रश्नाला अधिकच जवळचा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनें ‘कँटरबरी टेल्स’ लिहिलें. त्यांत यात्रेकरू वाटेनें एकमेकांस गोष्टी सांगतात, आणि कवि स्वतःहि त्या मेळ्यांत आहे. आपली पाळी आल्यावर तो सर थोपास नामक शिलेदाराची पद्यकथा सुरू करतो. घोडदौड पुष्कळ, पोषाखाचें वर्णन भरपूर, आणि पराक्रमाचा पत्ता नाहीं. ऐकून ऐकून खाणावळीचा मालक कंटाळतो आणि, पुरे ही रटाळ यमकें, असें म्हणून त्याला मध्येंच थांबवितो. कवि मुकाट्यानें थांबतो व गद्यांत दुसरी गोष्ट सांगूं लागतो. मध्ययुगीन शिलेदाराची विनोदी कथा श्रोत्यांच्या प्रतिनिधीनें बंद पाडल्याचें हें सहाशें वर्षांपूर्वींचें उदाहरण! यांतली मौज अशी कीं, एवढ्या सर्व यात्रेकरूंना चांगल्या वाईट गोष्टी वांटून देतांना चॉसरनें ही फजिती स्वतःकरितां राखून ठेवली. तो शिलेदाराला हंसला, पण प्रथम आपल्यालाच हंसला.

उपहास आदराशीं सुसंगत आहे कीं नाहीं हें ओळखण्याची खूण आमच्या मतें हीच आहे: उपहास करणारा आपणांस त्यांतून वगळतो काय? ‘गॅलव्हँट’ या कसोटीस पूर्ण उतरते. पहिल्या वर्षींच तिचे प्रेक्षक बेताचे होते; ती पुन्हा दिसेल अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती. दुसरें वर्ष मिळालें तेव्हां तिनें पहिलेंच गाणें योजलें तें आपल्या परत येण्याच्या नवलावर. त्या काळीं एक संकेतस्थळ प्रेक्षकांच्या आंकड्यांवरून मालिकांच्या मरणाचें भाकीत करीत असे, आणि त्यासाठीं त्यानें मालिका खाणाऱ्या एका अस्वलाचें सोंग उभें केलें होतें. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाच्या शीर्षकांतच या अस्वलाला वांकुल्या दाखविल्या आहेत. राजाच्या डोक्यावरचा मुकुट डळमळीत आहे म्हणून हंसणारी ही मालिका आपलेंहि आसन तितकेंच डळमळीत आहे हें जाणून होती, आणि तें गाऊन सांगत होती. आपल्या मृत्यूविषयीं ज्याला कुरकुर न करतां विनोद करतां येतो त्याच्या विनोदावर आपण विश्वास ठेवतों. तिच्या लोभसपणाचें इंगित आम्हांस येथें सांपडतें.

यावरून आरंभींच्या दोन उद्गारांकडे वळूं. वाहिनीनें मालिका बंद केली हा अन्याय होता काय? किल्ले, घोडे, सैनिक, दर भागाला नवीं गाणीं, हा सर्व संसार खर्चाचा. तो पुढें चालवावा कीं नाहीं हा प्रश्न प्रेक्षकांच्या संख्येवर सोडण्यांत गैर कांहीं नाहीं. किंबहुना संख्या बेताची असतांहि एकवार तिला जीवदान मिळालें होतें, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ‘चालू ठेवावी काय’ हा एक प्रश्न, आणि ‘चांगली आहे काय’ हा दुसरा. पहिल्याचा न्यायाधीश संख्या असूं शकते. दुसऱ्याच्या न्यायासनावर बसण्याचा तिला अधिकार नाहीं. पहिल्या निकालाची प्रत दुसऱ्या प्रकरणाला जोडणें ही व्यवहारी मनुष्याची चूक होय. यजमानानें कंटाळून थांबविलेली थोपासची कथा आज आपण वाचतों, यांत त्याच्या कंटाळ्याचा अपमान नाहीं. तो कंटाळा आणि ही वाचनाची गोडी यांचीं क्षेत्रेंच निराळीं आहेत.

चाहत्याची चूक अधिक सूक्ष्म, आणि आम्हांस वाटतें, अधिक दुःखद आहे. जी मालिका कोणालाहि तुच्छ न लेखतां हंसायला शिकविते, तिच्या कैवारानें हा बाकीच्या जगाला तुच्छ लेखूं लागतो. ‘आम्हां थोड्यांनाच हें कळलें’ या गोड कल्पनेंत तो रमतो, आणि मॅडलेना जशी वैभवाला भुलली तसा हा अल्पसंख्य असण्याच्या वैभवाला भुलतो. ज्या प्रेक्षकानें त्या रविवारीं दुसरें कांहीं पाहिलें, किंवा दिवसभराच्या श्रमानंतर डोळे मिटून घेतले, त्यानें कोणता अपराध केला? रिचर्डसारख्या अपराध्यालाहि ज्या कलाकृतीनें पदरांत घेतलें तिच्या नांवानें निरपराध्यांना दूषणें देणें म्हणजे तिची शिकवण न समजणें होय.

मग जी गेली तिच्यासंबंधीं तिच्यावर लोभ करणाऱ्याचें कर्तव्य तें काय? तिच्या कर्त्यांनीं आपलें कर्तव्य केलें आहे. तिसरें वर्ष येईल न येईल हें न कळूनहि त्यांनीं दुसऱ्या वर्षाचा शेवट असा केला कीं, गॅलव्हँट व इसाबेला यांना समुद्रकांठीं शांत घर मिळालें, रिचर्डला सहचरी मिळाली, आणि सरड्याला पंख फुटले. कांहीं धागे मोकळे राहिले. ते कोणाच्या आयुष्यांत राहत नाहींत? नऊ रविवारांची ही पुंजी आतां वाढावयाची नाहीं, पण ती घटावयाचीहि नाहीं. तिच्या चाहत्यानें ती ज्याला हवी असेल त्याच्यापुढें प्रसन्न मनानें ठेवावी. त्याला ती आवडली तर सोबतीनें हंसावें, आणि नाहींच आवडली तर चॉसरप्रमाणें दुसरी गोष्ट सांगावयास घ्यावी.